नवं वर, जुनं खाली

काकासा कुठलीही गोष्ट शेवटापासून सांगायचे.

"जेवलो. त्याआधी भांडलो. त्याआधी कळलं की भाजीत मीठ नाही. तीन. बस." एवढं बोलून ते हात झटकायचे आणि कामाला लागायचे. समोरचा नवखा असला तर विचारायचा, मग पुढे काय झालं? काकासा चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे बघायचे. "पुढे काय होणार? पुढचं तर सगळ्यात आधी सांगितलं."

नंदुरबारच्या बाजारपेठेत त्यांच्या घराण्याचं हार्डवेअरचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले, आणि खिळे, कड्या, कोयंडे विकता विकता घराणं इथलंच झालं. थोरले भाऊ खाली गल्ल्यावर बसायचे. हे वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी रंगाचे डबे ठेवत, तिथे टेबलं मांडून तापमानाचा धंदा करायचे. पुतणे काकासा म्हणायचे म्हणून सगळा बाजार काकासा म्हणायचा. मी रनाळ्याहून एसटीने येणारी, कॉम्प्युटर शिकून नुकतीच बाहेर पडलेली पोरगी. पहिल्या दिवशी मी त्यांना 'सर' म्हणाले, तर त्यांनी मागे वळून पाहिलं, की जिन्यात कोण आलंय.

तापमानाचा धंदा म्हणजे असा. मिरचीची शीतगृहं, ब्राह्मणपुरीकडच्या केळी पिकवायच्या खोल्या, दुधाच्या टाक्या, जिथे म्हणून गारवा सांभाळावा लागतो तिथे आम्ही सेन्सर बसवायचो. तो सेन्सर सतत आकडे पाठवत राहायचा, प्रत्येक आकड्याच्या शेपटीला त्याची वेळ बांधलेली. हे आकडे ज्या डेटाबेसमध्ये पडत राहतात त्याला टाइम सिरीज डेटाबेस म्हणतात. आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे आकडा नि घड्याळ," ते म्हणाले. "अन याना पगार देतस तुले?"

काकासांना हे सांगितलं तर ते खूश झाले. "तुझे नाना हुशार आहेत. आकडा आणि घड्याळ, तिसरं काही नाही. आणि आपलं कामही दोनच गोष्टींचं. रांग लावायची आणि काप मारायचा."

रांग म्हणजे आकडे वेळेप्रमाणे लावणं. काप म्हणजे त्या रांगेतून हवे तेवढेच घेऊन बाकीचे सोडून देणं. लाखो आकड्यांचा ढीग पडलेला असतो, माणसाला बघायचे असतात दहा. काकासांचा नियम असा, की नवं वर, जुनं खाली, आणि वरून थोडंसं कापून घ्यायचं. "आधी रांग, मग काप. रांग न लावता कापलंस तर हातात काय येईल ते देवालाही ठाऊक नाही."

याची त्यांच्याकडे एक गोष्ट होती, आणि ती अर्थातच ते उलटी सांगायचे. "शेठ हसला. त्याआधी रडला. त्याआधी त्याने मला विचारलं, काकासा, मे महिन्यातही माझ्या गोदामात संक्रांतीचाच गारवा कसा? तीन. बस." त्या मिरचीच्या शेठकडे आमच्याआधी कुणीतरी आकडे दाखवणारा पडदा बसवून दिला होता. त्याने काप मारला होता, पण रांग लावली नव्हती. त्यामुळे पडद्यावर दहा आकडे दिसायचे ते अगदी पहिले दहा, उद्घाटनाच्या दिवसाचे. नारळ फुटला, पेढे वाटले, त्या वेळचं तापमान पडद्यावर कायमचं मुक्कामाला राहिलं. शेठ रोज सकाळी पडद्याला नमस्कार करायचा. मशीन केव्हाच आजारी पडलं होतं.

हे सगळं ऑफिसात ठेवलं असतं तर काही प्रश्न नव्हता. काकासांनी ते घरीही नेलं. कपाटात शर्ट ठेवायचे तेही नवं वर, जुनं खाली. परटाकडून आलेले सगळ्यात वर, आणि घालायला घ्यायचे तर वरचे. त्यामुळे दोनच शर्ट आलटूनपालटून अंगावर यायचे आणि खालचे पंधरा-वीस शर्ट घडीतच म्हातारे व्हायचे. एकदा काकीसांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, गंमत म्हणून तळातला सफारीचा शर्ट काढून वर ठेवला. काकासा तो घालून ऑफिसात आले. बटणं पोटावर लागत नव्हती. मी म्हटलं, "काकासा, हा जुना दिसतोय." ते म्हणाले, "जुना कसा असेल? वर होता."

डॉक्टरांचे मात्र ते लाडके होते. बाकीचे पेशंट परवाच्या लग्नातल्या जेवणापासून सुरुवात करायचे. काकासा खुर्चीत बसता बसता म्हणायचे, "आता पोट दुखतंय, उजवीकडे. त्याआधी ओकारी. त्याआधी भजी. बस." डॉक्टर म्हणे इतरांना त्यांचं उदाहरण द्यायचे.

कुणी तक्रार घेऊन आलं तर त्यालाही तीनच. भावाच्या दुकानातला नोकर एकदा वर आला आणि सात तक्रारी आहेत म्हणाला. काकासांनी त्याला पाणी दिलं, ताज्या तीन ऐकल्या, "बस" म्हणाले आणि उठले. नोकर खाली जाऊन सगळ्यांना सांगत बसला, की काकासांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मला हे फार आवडायचं. आमच्या घरी कुणाचं ऐकायला बसलं की म्हैस विकली त्या वर्षापासून सुरू व्हायचं. ह्या माणसाबरोबर काम करताना डोकं हलकं राहायचं. मी रोज एसटीतून उतरून त्या जिन्याकडे खुशीत जायचे, हे लिहायला मला काही संकोच वाटत नाही.

नानांनी मात्र त्यांना एकदा पाहिलं, दहा मिनिटं बोलले आणि घरी येऊन मला विचारलं, "तुन्हा शेठ उलटा शे का वं?"

सुलट्या होत्या त्या काकीसा. दुपारी डबा घेऊन त्या स्वतः जिना चढून यायच्या. बुटक्या, डोक्यावर पदर, हातात चार खणांचा डबा आणि तोंडात लग्नाचा दिवस. भांडण कशावरूनही असो, गॅसचं सिलिंडर संपलेलं असो नाहीतर पाहुण्यांना चहा उशिरा मिळालेला असो, काकीसा सुरुवात लग्नापासून करायच्या. बारात उशिरा आली. काकासांच्या मामीसांनी दालला नावं ठेवली. मग मामीसांचा स्वभाव, मग पहिली दिवाळी. त्यांची रांग जुन्याकडून नव्याकडे, आणि काप नावाची गोष्टच नाही. त्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचल्या की काकासा डबा संपवून हात धुवायच्या निमित्ताने जिन्याने खाली सटकायचे. काकीसा जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणायच्या, "पूरी बात तो सुणो!" पण तोवर ते रस्त्यावर पोचलेले असायचे.

त्यामुळे त्यांच्या संसारातलं पहिलं वर्ष मला तोंडपाठ होतं आणि गेला आठवडा तोंडपाठ होता. मधलं काहीच माहीत नव्हतं.

आता धडगावची गोष्ट. ही मी सुरुवातीपासून सांगते, काकासा मला माफ करोत.

धडगावला खेमीताई नावाच्या बाईंनी चालवलेला बायकांचा एक गट होता. सातपुड्यात सीताफळ मुबलक. पूर्वी ते टोपल्यांत भरून जीपने खाली पाठवायचे आणि वाटेतच निम्मं पिचायचं. खेमीताईंनी खटपट करून गर काढायचं काम सुरू केलं आणि तो गोठवून ठेवायला एक थंड खोली उभी केली. खेमीताई स्वतः कितीतरी वर्षं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जायच्या. पोरंबाळं, भांडीकुंडी ट्रकमध्ये टाकायची आणि उन्हाळ्यापर्यंत फडात राहायचं. त्या वर्षी त्यांनी गटातल्या बायकांना सांगितलं होतं, की गर विकला गेला तर यंदा कुणी ट्रकमध्ये चढायचं नाही. सगळ्या हंगामाचा गर त्या एका खोलीत होता. सुरतेचा व्यापारी गाडी पाठवणार होता, पण गर एकदा वितळून पुन्हा गोठलेला निघाला तर हात लावणार नाही, असं त्याने आधीच बजावलं होतं.

खोलीत सेन्सर आमचा. दाराबाहेर एक छोटा पडदा, त्यावर अर्ध्या-अर्ध्या तासाचे शेवटचे दहा आकडे. नवं वर, जुनं खाली. पडदा बसवताना काकासांनी खेमीताईंना तीन वेळा सांगितलं, वरचा आत्ताचा, खालचा जुना. त्यांनी मान डोलावली. त्या एकदा ऐकलेलं विसरत नसत.

दिवाळी जवळ आली होती. एके दिवशी सकाळी धडगावची लाइट गेली आणि काही वेळाने आली. त्याबरोबर आमच्याकडे येणारे आकडे बंद पडले, कारण डोंगरातलं नेटवर्क एकदा रुसलं की सहज परत येत नाही. काकासा फोन लावत राहिले. दुपारी काकीसा डबा उघडत असताना फोन लागला. आवाज असा, की कुणी पत्र्यावर खडी ओततंय.

"खेमीताई, पडद्यावरचे दहा आकडे वाचून दाखवा!" काकासा ओरडले.

"हां साहेब. कसा वाचू? आगला पैला वाचू?"

"हां हां, अगला पहिले!"

त्या वाचू लागल्या. मायनस अठरा. मायनस सतरा. पुन्हा सतरा. सोळा, पंधरा असं करत शेवटचा मायनस अकरा. काकासांच्या तोंडावर हसू पसरलं. "शाब्बास! लाइट गेली तेव्हा खोली अकरापर्यंत तापली, आता पुन्हा अठरावर आली. मशीन मस्त चाललंय. दार बंद ठेवा. काही करू नका!" तिकडून "बरं साहेब" आलं आणि फोन तुटला.

काकीसा पोळी वाढत होत्या. वाढता वाढता म्हणाल्या, "ओ तो गरम हो रियो है."

"काय?"

"अठारा सूं ग्यारा. गरम नहीं तो काईं?"

"अगं, तो उलटो है. नवं आधी वाचलं त्यांनी."

"उलटा तो थे हो," काकीसा त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "वा बिचारी सीधी है."

काकासा हसले आणि पोळीचा तुकडा मोडला. माझा घास मात्र तोंडापाशीच राहिला. माझी मावशी सुरतेकडे दिलेली. सुट्टीत तिच्याकडे गेलं की ती म्हणायची, आगल्या दिवशी आम्ही वाट पाहिली. लहानपणी मी गोंधळून जायचे, आम्ही आज आलो तर ही उद्या कशी वाट पाहते? मग कळलं, तिकडे आगला म्हणजे आधीचा. हिंदीतला अगला म्हणजे नंतरचा. शब्द एकच, पण तापी ओलांडून गुजरातेकडे वळला की पाठ फिरवून उभा राहतो. खेमीताई गुजरातेत राबून आलेल्या. त्यांनी विचारलं होतं, आधीचा पहिल्यांदा वाचू का? काकासांनी ऐकलं, नंतरचा पहिल्यांदा वाचू का? आणि दोघंही एकमेकांना हो म्हणाले. त्या खरखरीत एका कान्याचा फरक कोण ऐकणार?

मी हे सांगितलं. काकासांच्या हातातला तुकडा ताटात पडला.

म्हणजे खेमीताईंनी खालून वर वाचलं होतं. खोली अठरावरून अकरावर आली होती, आणि अजून तापत होती. आणि आम्ही त्यांना सांगितलं होतं, काही करू नका.

फोन लागेना. काकासांनी लावला, मी लावला, खालून थोरल्या भावांनीही लावला. तिकडचा एकही नंबर लागत नव्हता. काकासांनी जीपची किल्ली घेतली. मी मागे बसले. काकीसा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर चढल्या.

"तू कुठे?" काकासा म्हणाले.

"म्हैं भी चालूं. उलटो-सीधो देखण वास्ते कोई तो चाहिजे."

प्रकाशा गावाजवळ तापीचा पूल ओलांडला. शहादा मागे पडलं तेव्हा काकीसांनी सुरुवात केली. अर्थातच लग्नापासून. बारात उशिरा आली तीही अशाच कुणाचं न ऐकण्यामुळे. मामीसा, दाल, पहिली दिवाळी. काकासांनी त्यांची बाजू आजपासून लावली. आज मी चुकलो. त्याआधी परवा तू गिझर चालू ठेवलास. त्याआधी... ह्या वेळी त्यांना तीनवर थांबता येईना, कारण काकीसा थांबत नव्हत्या. ऑफिसात दुसरं वर्ष आलं की ते जिन्याने पळायचे. जीपला जिना नव्हता. स्टिअरिंग धरून घाट चढायचा आणि ऐकायचं.

मी मागे बसून बाहेर बघत होते. खेमीताईंच्या गटातल्या बायका डोळ्यांपुढून जात नव्हत्या. गर काढताना हसणाऱ्या, बिया थुंकणाऱ्या, यंदा पोरं शाळेत टिकतील म्हणणाऱ्या. पण कान पुढेच होते. काकीसा वर चढत होत्या, तिसरं वर्ष, चौथं वर्ष. काकासा खाली उतरत होते, गेल्या वर्षीचा पाहुणा, मुलाचं लग्न, ऑफिसचं उद्घाटन. घाटाच्या एका वळणावर दोघं एकाच ठिकाणी येऊन पोचले.

"फेर म्हने टाइफाइड हुयो," काकीसा म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बदलला. "म्हैं मर री ही. अर थे रसोई री भींत माथे हिसाब मांडता रिया. म्हैं खाट सूं देखती. दुकान रो हिसाब!"

काकासांनी गाडीचा वेग कमी केला.

"हिसाब?" ते म्हणाले. "तो तुझा ताप होता."

काकीसांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"दर तासाला थर्मामीटर लावायचो. खडूने भिंतीवर लिहायचो. नवा आकडा वर, जुना खाली." ते आता मराठीतच बोलत होते, जणू मला सांगत होते. "सगळा ताप कुणाला वाचायचा होता? मला एकच बघायचं होतं, वरचा आकडा खालच्यापेक्षा लहान आहे की नाही. दारातून आत आलो की पहिली नजर त्या वरच्या आकड्यावर. तेव्हापासून ती सवय लागली."

काकीसांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच चिडल्या. "तो इत्ता साल बोल्या क्यूं कोनी?"

"तू विचारलंस कधी?"

"थे सुण्यो कदी? रोज तो जीणे सूं भाग जाता!"

हे मात्र खरं होतं. इतकी वर्षं प्रत्येक भांडणात त्या बाई लग्नापासून निघायच्या त्या ह्या एका भिंतीकडे पोचण्यासाठी, आणि प्रत्येक वेळी नवरा अलीकडेच उतरून जायचा. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. काकीसांनी डबा उघडून एक लाडू काढला आणि गाडी चालवणाऱ्या काकासांच्या तोंडात कोंबला.

धडगावला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. खेमीताई खोलीच्या दारात बसल्या होत्या, दाराला पाठ लावून.

"साहेब, तुम्ही बोलले काही करू नका," त्या उठत म्हणाल्या. "मी काही नाही केला. कोणाला दार पण नाही उघडू दिला. पण आकडा चांगला नाही दिसत."

पडद्यावर सगळ्यात वर मायनस नऊ होता. आत पंखा घरघरत होता, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं मशीन चालू आहे. पण लाइट परत आली तेव्हा थंड करणाऱ्या मशीनचं बटण पडलं होतं, आणि पंखा नुसताच खोलीतली हवा फिरवत बसला होता. काकासांनी बटण वर केलं. मशीन खोकलं, थरथरलं आणि सुरू झालं. मग त्यांनी दार एवढंसं उघडून अगदी पुढचं एक पाकीट काढलं आणि खेमीताईंच्या हातात दिलं. खेमीताईंनी ते कानाजवळ नेऊन बोटाने ठोकलं, कडा दाबल्या, पुन्हा ठोकलं. आवाज दगडावर ठोकल्यासारखा आला.

"गोठेला आहे," त्या म्हणाल्या, आणि मग मोठ्याने आपल्या भाषेत बायकांना काहीतरी ओरडल्या. तिकडून एकच गलका झाला.

तरी आकडा उतरलेला बघितल्याशिवाय काकासा हलेनात. बायकांनी सीताफळं आणली, चहा केला. काकीसा पडद्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. वर मायनस नऊ आला. खाली नऊ. मग पुन्हा नऊ. काकासा भिंतीला टेकून उभे, चष्मा कपाळावर. मग वर मायनस दहा आला.

"देखो," काकीसा म्हणाल्या. "ऊपर वाळो ठंडो है."

काकासांनी मान हलवली. त्या वेळी ते फक्त पडद्याकडे बघत होते असं मला वाटत नाही.

सुरतेची गाडी आली आणि गर घेऊन गेली. दिवाळीनंतर ऊसतोडीचे ट्रक आले तेव्हा खेमीताईंच्या गटातली एकही बाई चढली नाही. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, आणि त्या दिवशी फोन स्वच्छ लागला होता.

काकासांनी रांग काही बदलली नाही. नवं वर, जुनं खाली, हे तसंच राहिलं. पण सगळ्या पडद्यांवर त्यांनी मला वरच्या आकड्याशेजारी ठळक अक्षरांत 'हे आत्ताचं' असं लिहायला लावलं. "रांग कशीही लाव," ते म्हणाले, "पण तिचं तोंड कुठे आहे ते सांगायला हवं. मला वाटायचं, ते सगळ्यांना आपोआप कळतं." आणि आगला हा शब्द ऑफिसात बंद झाला. चुकून कुणी वापरला तर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. सगळ्यात जास्त चहा काकासांनीच पाजला.

मग माझं लग्न झालं, मी नाशिकला आले, तिथेही आकडे आणि घड्याळ हेच करते. गेल्या दिवाळीत माहेरी आले तेव्हा नवऱ्याला घेऊन काकासांकडे गेले. ऑफिस आता मुलगा बघतो. काकासा घरी झोपाळ्यावर बसलेले, अंगात वरचा शर्ट. काकीसा फराळाची ताटं भरत होत्या.

नवरा म्हणाला, "काकासा, हिच्याकडून तुमच्याबद्दल फार ऐकलंय. तुमच्या तोंडून एखादी गोष्ट ऐकू द्या."

काकासांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही आलात. त्याआधी बेल वाजली. त्याआधी..."

आणि थांबले. त्यांनी काकीसांकडे पाहिलं. "कठे सूं केवूं?"

मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. कुठून सांगू, असं त्यांनी कधी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

काकीसांनी शंकरपाळ्यांचं ताट माझ्या हातात दिलं आणि त्यांच्याशेजारी झोपाळ्यावर टेकल्या. "भींत सूं," त्या म्हणाल्या.

काकासा सांगू लागले. खडू कुठून आणला ते सांगितलं. भिंतीला चुना नवा होता म्हणून आई कशी ओरडली ते सांगितलं. एका पहाटे वरचा आकडा पहिल्यांदा खालच्यापेक्षा लहान झाला आणि ते स्वयंपाकघरात एकटेच कसे नाचले, ते सांगितलं. काकीसा मध्ये मध्ये दुरुस्त करत होत्या, चुना नाही, पिवळा रंग होता. तीन गोष्टी झाल्या. मी सवयीने ताट बाजूला ठेवून उठायला लागले, नवऱ्यालाही डोळ्याने खूण केली.

"अगं, चौथी आहे अजून," काकासा म्हणाले. "बस."

मी बसले.